जुन्या गिऱ्हाइकाचा दर



आमच्या घरात पहिल्यापासून कामाची वाटणी ठरलेली. किराणा, बँकेचं पासबुक, लाइट बिल माझ्याकडे. गाडी, तिची सर्व्हिसिंग आणि तिचा विमा ह्यांच्याकडे. मी बी.कॉम. असून गाडीच्या पॉलिसीचा कागद कधी उघडून पाहिला नव्हता, हे आधीच कबूल करते. ऑगस्टमध्ये ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कागदांची ती निळी फाईल माझ्याकडे आली. ऑक्टोबरात विम्याची रिन्यूअल नोटीस आली. आकडा होता 8,459 रुपये.

हे म्हणाले, "चेक लिहून ठेव. ते येतील आणि घेऊन जातील." 'ते' म्हणजे आमचे एजंट. ओळख वीस वर्षांची, दिवाळीत फराळाला येणारे, ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात दोन तास बसून गेलेले. मी चेकबुक काढलंही होतं. तेवढ्यात पुतण्या आला. त्यानं मोबाईलवर आमच्या गाडीचा नंबर टाकला आणि दोन मिनिटांत दुसऱ्या एका कंपनीचा आकडा दाखवला. 5,691 रुपये. गाडी तीच, गाडीची धरलेली किंमत तीच, बोनस तोच.

मी म्हटलं, काहीतरी कमी दिलं असणार. स्वस्त भाजी घेताना आपण पिशवी उलटी करून बघतोच ना! पण दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडली, तरी फरक सापडेना. मग संध्याकाळचं जेवण आटोपल्यावर (आमचं सूर्यास्ताआधीच होतं, त्यामुळे पुढचा वेळ मोकळा असतो) फाईल घेऊन टेबलावर बसले. 2018 च्या पाडव्याला गाडी घेतली, तेव्हापासूनचे सगळे कागद त्यात लावलेले होते. ह्यांची टापटीप उत्तम, वाचणं तेवढं राहिलं होतं.

आधी हे कागद कसे वाचायचे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाडीच्या विम्याचे मुख्य दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा कायद्यानं सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. आमच्या गाडीसारख्या 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला तो 2022 पासून 3,416 रुपये आहे, कुठल्याही कंपनीत जा. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. त्याचा दर कंपनी ठरवते. तो गाडीच्या घोषित किमतीवर, म्हणजे आयडीव्हीवर काढतात. गाडी जुनी होईल तशी ही किंमत उतरत जाते. क्लेम घेतला नाही तर नो क्लेम बोनस मिळतो: पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. मालकाच्या वैयक्तिक अपघाताची एक छोटी रक्कमही असते, पण ती दोन्हीकडे सारखीच होती, म्हणून हिशेबातून बाजूला ठेवली आहे.

आता बघा. किंमत दरवर्षी उतरते, बोनस दरवर्षी चढतो, म्हणजे ओन डॅमेजचा हप्ता दोन्ही बाजूंनी कमी व्हायला हवा. आमचा मात्र वाढला होता! 2021 मध्ये गाडीची किंमत 4,20,000 धरली होती. बोनस वजा करण्याआधीचा हप्ता 4,691 आणि 35 टक्के बोनस जाऊन 3,049. यंदा किंमत 2,80,000, बोनसआधीचा हप्ता 7,506 आणि 50 टक्के बोनस जाऊनही 3,753. शंभर रुपये किमतीमागे काय पडलं ते काढलं, तर 2021 मध्ये 1 रुपया 12 पैसे होते आणि यंदा 2 रुपये 68 पैसे. गाडी जुनी झाली की दर थोडा चढतो, सुटे भागही महागलेत, हे मान्य. पण याच जुन्या गाडीला दुसरी कंपनी शंभराला 1 रुपया लावत होती. मग गाडीचं वय हे काही कारण होऊ शकत नाही.

आणि हे ह्यांच्या लक्षात का आलं नाही, तेही कळलं. खालचा एकूण आकडा 2021 मध्ये 7,399 होता, यंदा 8,459. चार वर्षांत हजारभर रुपये वाढले तर आपण काय म्हणतो? महागाई. दूध वाढलं, गॅस वाढला, तसं हेही. जो आकडा उतरायला हवा होता तो जागेवर राहिला, म्हणून कुणाला शंका आली नाही.

ह्यांना मी भोळे म्हणणार नाही. आमची पहिली गाडी होती तेव्हा ओन डॅमेजचे दरही सगळ्या कंपन्यांना सारखेच बांधून दिलेले असत. खूप वर्षं कंपन्याच मुळी चार, त्याही सरकारी. एकाच माणसाकडे विमा ठेवला तर तोटा काहीच नव्हता, उलट अडीअडचणीला ओळख कामी यायची. 1 जानेवारी 2007 पासून ते दर कंपन्यांच्या हाती दिले गेले. तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला ओढायला मोठी सूट द्यायची आणि मग वर्षावर्षाला ती थोडी थोडी काढून घ्यायची, हे शक्य झालं. नियम बदलला, आमच्या पिढीची सवय तीच राहिली.

कॉलेजात अर्थशास्त्राच्या पेपरला 'मूल्यभेद' नावाचा प्रश्न हमखास यायचा. एकच वस्तू वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या दरानं विकणं. उदाहरण म्हणून आम्ही डॉक्टर लिहायचो, जो श्रीमंताकडून जास्त फी घेतो आणि गरिबाकडून कमी. इथे कंपनी श्रीमंत-गरीब बघत नाही. हा माणूस सोडून जाईल का, एवढंच बघते. जो दरवर्षी मुकाट्यानं चेक लिहितो तो जाणार नाही, म्हणून त्याला जास्त. जो चार ठिकाणी विचारतो त्याला कमी. सात वर्षं एकही क्लेम न घेतलेलं आमच्यासारखं गिऱ्हाईक खरं तर कंपनीला सर्वांत लाभाचं, पण आम्ही न विचारणारे.

पुतण्यानं पुढे एक गंमत केली. आमच्याच कंपनीच्या साइटवर गाडी नव्यानं भरली आणि 'आधीची विमा कंपनी' या रकान्यात दुसरंच नाव टाकलं. आकडा आला 6,246. त्याच कंपनीकडून, त्याच गाडीला, 2,213 रुपयांनी कमी! तो म्हणाला, "काकू, हेच भरून टाकू. कोण बघतंय?" मी नाही म्हटलं. एक तर ते खोटं आहे. दुसरं, विम्याच्या अर्जात लिहिलेली खोटी माहिती क्लेमच्या वेळी आपल्याच गळ्यात येते. त्यांचं वागणं मला पटलं नाही म्हणून मी खोटं लिहायला मोकळी झाले, असं होत नाही. त्यानं खांदे उडवले.

मी सरळ कंपनीच्या नंबरवर फोन लावला. बाजारात काय दर मिळतोय ते सांगितलं आणि आमची पॉलिसी हलवायचा विचार आहे म्हटलं. मुलगी गोड बोलली. "मॅडम, एक मिनिट होल्ड करा." गाणं वाजलं, परत आली आणि म्हणाली, "तुमच्यासाठी स्पेशल केलंय, 6,799." एका मिनिटात 1,660 रुपये उतरले. खरं सांगते, आनंद होण्याऐवजी मला रागच आला. होल्डवरच्या एका गाण्याएवढ्या वेळात जे उतरतं ते आधी लावलं कशाला होतं?

दुसऱ्या दिवशी एजंट आले. चहा झाला, ह्यांच्या गुडघ्याची चौकशी झाली. मग मी कागद पुढे केले. ते अवघडले. म्हणाले, "वहिनी, रिन्यूअलचा आकडा माझ्या हातात नसतो, सिस्टीम काढते." मी विचारलं, "पण नव्या माणसाला कमी मिळतं हे तुम्हाला ठाऊक होतं?" थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "साहेबांनी कधी विचारलं नाही."

ह्यांचा चेहरा बघवेना. अडीच हजारांचं दुःख नव्हतं ते. ह्यांच्या डोक्यात जुन्या गिऱ्हाइकाची किंमतच वेगळी आहे. सासऱ्यांचं धान्याचं दुकान होतं. जुनं गिऱ्हाईक आलं की माप भरून वर एक मूठ टाकायची ही तिथली रीत, आणि ती मूठ टाकण्याचं काम लहानपणी ह्यांच्याकडे असायचं. जुन्याला मूठभर जास्त, हे ह्यांनी हातानं शिकलेलं. आता तोच हात रिकामा राहिला आणि वर 'तुम्ही विचारलं नाही' हे ऐकून घ्यावं लागलं.

मला मात्र त्या दिवसभर तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवत होता. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार त्यात सांगितलेत, त्यातला एक हीनाधिकमानोन्मान: घ्यायचं माप मोठं, द्यायचं लहान. दशलक्षणात दरवर्षी ऐकतो आपण. हा त्यातलाच प्रकार का? मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटतं, तंतोतंत तो नाही. इथे माप खोटं नाही. विमा दिला तो पूर्ण दिला, दर वेगळा लावला. आणि दर तर सासरेही वेगळा लावत, हे लपवून चालणार नाही. उधारीवाल्याला पोत्यामागे जास्त पडायचे. पण ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत: रोख हा भाव, उधार हा भाव, बघ तुला काय परवडतं ते. कागदावर 'आमच्या मौल्यवान ग्राहकास' असं छापून आत चढा दर घालायचा, हे त्यांनी केलं नसतं. माझा आक्षेप आहे तो या छपाईला.

भाचीला फोनवर हे सांगितलं. ती इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिथल्या जैन मंदिरात रविवारी जाते. ती हसलीच. म्हणाली, "मावशी, इथे यावर केवढं रामायण झालंय!" तिकडे सिटिझन्स ॲडव्हाइस या लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेनं 2018 मध्ये सरकारी यंत्रणेकडे रीतसर तक्रारच केली होती, की जुन्या गिऱ्हाइकांना निष्ठेचा दंड बसतो. मग त्यांच्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामकानं घराचा आणि गाडीचा विमा तपासला. निघालं असं, की 2018 या एका वर्षात 60 लाख पॉलिसीधारक चढा दर भरत होते, आणि त्यांना सरासरी दर लागला असता तर त्यांचे मिळून 120 कोटी पौंड वाचले असते. 1 जानेवारी 2022 पासून तिथे नियम आहे: जुन्या गिऱ्हाइकाला रिन्यूअलला जो दर सांगाल, तो त्याच मार्गानं आलेल्या नव्या गिऱ्हाइकाच्या दरापेक्षा जास्त असता कामा नये. घराचा आणि गाडीचा, दोन्ही विम्यांना.

ऐकायला फार छान वाटलं. पण भाचीनं दुसरी बाजूही सांगितली. ती पूर्वी दरवर्षी कंपनी बदलून नव्या माणसाची सूट घ्यायची. नियम आला आणि ती मजा संपली. असं होणार हे नियामकालाही अपेक्षितच होतं. म्हणजे तिची स्वस्ताई कुणीतरी भरून काढत होतं. कुणी? तिच्या शेजारची, दरवर्षी त्याच कंपनीला पैसे पाठवणारी म्हातारी. हे ऐकल्यावर माझा 5,691 चा आनंद जरा उतरला. आपल्याकडे असा नियम नाही, त्यामुळे मला मिळालेली सूटही कुण्या न विचारणाऱ्याच्याच खिशातून आलेली असणार. त्याचं मी काय करू शकते? फार नाही. निदान आपल्या ओळखीच्या न विचारणाऱ्यांना सांगू तरी शकते, म्हणून हा लेख.

शेवटी आम्ही कंपनी बदलली. ह्यांचं मन होत नव्हतं, पण तेच म्हणाले, "कर." बदलण्यात अवघड काही नसतं. बोनस गाडीचा किंवा कंपनीचा नसतो, मालकाचा असतो. त्यामुळे नव्या कंपनीत तो आपल्याबरोबर जातो, फक्त आधीच्या पॉलिसीचा कागद द्यायचा. मुदत मात्र चुकवू नका. पॉलिसी संपली की गाडीची तपासणी मागतात, आणि 90 दिवस उलटले की इतक्या वर्षांचा बोनस शून्य. म्हणून महिनाभर आधी बसायचं. तुलना करताना आयडीव्ही दोन्हीकडे एकच धरा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुतण्याच्या मोबाईलवर सर्वांत वर झळकणारा आकडा सर्वांत कमी होता, पण त्यांनी गाडीची किंमतच 2,20,000 धरली होती. गाडी चोरीला गेली तर तेवढेच हाती येणार. आणि आपल्या गावात त्या कंपनीचं कॅशलेस गॅरेज आहे का, हे गॅरेजवाल्यालाच विचारावं. तो जे सांगतो ते साइटवर नसतं. आमच्या गॅरेजवाल्यानं एका फारच स्वस्त कंपनीचं नाव ऐकून नुसती मान हलवली. ती आम्ही सोडली.

पुढच्या नोव्हेंबरात या नव्या कंपनीतही मी जुनीच होणार. कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी खूण करून ठेवली आहे.

आता अक्कांचं सांगते. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, वय 74. भाऊजी गेल्याला चार वर्षं झाली. मुलगी परगावी. त्यांना बस्तीत, दवाखान्यात न्यायला एक पोरगा गाडी चालवायला येतो. एजंट तेच. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "जाऊ दे ग. दोन-तीन हजारांसाठी कुठे वाईटपणा घ्यायचा? आपण परिग्रह कमी करा म्हणतो आणि तू पैसे मोजत बसलीस." क्षणभर मलाही लाज वाटली. मग म्हटलं, "अक्का, तेवढे पैसे तुम्ही आहारदानाला द्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण ते तुमच्या हातानं जाऊ देत." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चष्मा आणि वही घेऊन त्यांच्याकडे गेले.

त्यांच्या पॉलिसीत दर चढा होताच, आमच्याहून जास्त. पण मी तिथपर्यंत पोचलेच नाही. पहिल्याच ओळीत अडकले. विमाधारकाचं नाव भाऊजींचं होतं. भाऊजी गेल्यानंतर चार वेळा पॉलिसी रिन्यू झाली होती, चारही वेळा त्यांच्याच नावानं, 'आमच्या मौल्यवान ग्राहकास' असं लिहून. आरसीवरही त्यांचंच नाव. विमाधारक गेला तर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. तेवढ्यात वारसानं गाडी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मधल्या काळात त्या पोराच्या हातून कुणाला धक्का लागला असता तर कंपनीनं पहिला प्रश्न हाच विचारला असता. एजंट भाऊजी गेले तेव्हा भेटायला आले होते, घरात बसून रडले होते. पण रिन्यूअल सिस्टीमनं काढलं आणि अक्कांनी चेक दिला. कुणीच विचारलं नाही, आम्हीसुद्धा नाही. त्याच गाडीतून मी कितीदा बस्तीत गेले असेन.

अक्कांना समजावून सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "असू दे की ग त्यांच्याच नावावर." मी काही उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं त्याच उठल्या आणि कपाटातून मृत्यूचा दाखला काढून आणला.

सोमवारी आरटीओत जायचं आहे. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31 लागतो, तो पुतण्यानं भरून दिलाय. आरसी, दाखला, मुलीचं संमतीपत्र, आधार असं सगळं एका पिशवीत घातलं. भाऊजींचा बोनस अक्कांना वारस म्हणून मिळू शकतो, तेही नव्या कंपनीशी बोलून ठेवलंय. निघताना मी जुनी पॉलिसीही पिशवीत टाकू लागले, तर अक्का म्हणाल्या, "हिची झेरॉक्स ने. ही राहू दे इथेच." आणि त्यांनी ती घडी करून कपाटात, भाऊजींच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली.